तळ सांभाळ, टाकी आपोआप सांभाळेल

खाऱ्या पाण्याची टाकी घरात आणायचं ठरवलंस, फार बरं वाटलं. पण बयो, निमो कुठं मिळतो ते आत्ताच विचारत फिरू नकोस. आधी तळाला काय घालणार ते सांग. मासा बदलता येतो, दिवा बदलता येतो, फिल्टरही बदलता येतो. तळाची वाळू बदलायची तर पाणी, दगड, मासे सगळंच बाहेर काढावं लागतं. म्हणून तुझी आत्या सांगते ते टाकीत पहिला तांब्या ओतायच्या आधी वाच.

१. आत कोण राहायला येणार ते आधी ठरव, वाळू मग घे — क्लाउनफिशला वाळूशी फारसं देणंघेणं नसतं, पण रात्री वाळूत घुसून झोपणाऱ्या रॅस माशांना मऊ वाळूचा निदान ५ सेंटिमीटर थर लागतोच.

२. दुकानात ‘अ‍ॅरागोनाइट’ म्हणून माग — ती कॅल्शियम कार्बोनेटची वाळू, समुद्राच्या पाण्याशी जुळणारी. ते निळे-गुलाबी खडे तुला आवडतात हे मला ठाऊक आहे, पण ते गोड्या पाण्याच्या टाकीसाठी राहू देत.

३. पिशवीवरच्या नावावर विसंबू नकोस. चिमूटभर वाळू बशीत घेऊन वर व्हिनेगरचे चार थेंब टाक — दाण्यांभोवती बुडबुडे फसफसले तर कार्बोनेट, काहीच झालं नाही तर बहुधा सिलिका.

४. अ‍ॅरागोनाइट घातलं म्हणून पाण्याची क्षारता मोजायची सोडू नकोस — टाकीचा पीएच ८.१ ते ८.४ हवा, आणि ही वाळू खऱ्या अर्थानं विरघळायला लागते ती पीएच त्याच्या बराच खाली गेल्यावर.

५. दाणा १ ते २ मिलिमीटरचा निवड — फार बारीक वाळू पंपाच्या झोतानं उडत राहते, आणि जाड चुऱ्याच्या फटींत उरलेलं अन्न अडकून नायट्रेट चढतं.

६. गणपतीला रत्नागिरीला आलीस की भाट्याच्या किनाऱ्यावरून वाळूची पिशवी भरून न्यायचा मोह आवर — आपल्याकडच्या वाळूत इल्मेनाइट असतं, म्हणजे लोह आणि टायटॅनियमचं काळं खनिज. शिवाय होड्यांचं तेल त्यात कुठं मुरलंय ते डोळ्यांना दिसत नाही.

७. ‘समुद्रातली पोवळी आहेत, स्वस्तात देतो’ असं कुणी म्हणालं तर हात जोड आणि पुढं चल — दगडी पोवळी २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि मेलेल्या तुकड्यालाही तो कायदा सोडत नाही.

८. वाळू किती लागेल ते घरीच मोज: लांबी, रुंदी आणि थराची उंची सेंटिमीटरमध्ये गुणून हजारानं भाग, आणि आलेल्या लिटरांची दीडपट कर, तेवढे किलो — ९० बाय ४५च्या टाकीत ४ सेंटिमीटर थराला साधारण २४ किलो पुरते. आकडा हातात असला की दुकानात गोंधळ उडत नाही.

९. थर ३ ते ५ सेंटिमीटरच ठेव — एवढ्यात सायफन तळापर्यंत पोचतो आणि घाण दबून राहत नाही. १० सेंटिमीटरहून खोल थर हात बसल्यावर बघू.

१०. कोरडी वाळू एका वेळी अर्धी बादलीच घे आणि तांदूळ धुतो तशी हातानं ढवळून, पाणी निवळेपर्यंत धू — बादलीत गेला एक तास, टाकीत वाचला एक मास.

११. शेवटचं धुणं आरओच्या पाण्याचं कर — नळातलं क्लोरीन किंवा बोअरच्या पाण्यातलं नायट्रेट दाण्यांना धरून आत जायला नको.

१२. ओल्या पिशवीतली ‘लाइव्ह सँड’ आणलीस तर ती मात्र धुऊ नकोस — ज्या जिवाणूंचे पैसे मोजलेस, तेच नळाखाली मरतील.

१३. दगड आधी थेट तळाशी टेकव, वाळू नंतर भोवती पसर — वाळूवर ठेवलेला दगड पिस्तूल कोळंबीनं खालून पोखरला की घसरतो आणि काच तडकवतो. पाया पहिला, पसारा मागून.

१४. मीठ टाकीत टाकू नकोस. वेगळ्या पिंपात विरघळवून विशिष्ट घनता १.०२५ आली की मगच पाणी ओत, तेही वाळूवर ठेवलेल्या बशीत, हळूहळू — पाणी बशीच्या काठावरून पसरतं, वाळूत खड्डा पडत नाही.

१५. पाणी दुधाळ दिसलं तर घाबरून हात घालू नकोस. फिल्टरला बारीक कापूस लाव आणि दोन दिवस जाऊ देत — गाळ बसायला आलेला असतो, ढवळलास की पुन्हा उठतो.

१६. मासे आणायला चार ते सहा आठवडे थांब, अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसेपर्यंत — ते पचवणारे जिवाणू वाळूच्या दाण्यांवर आणि दगडांवर आपल्या चालीनंच बसतात.

१७. सुरुवातीच्या महिन्यांत वाळूवर तपकिरी साय धरली तर औषध ओतू नकोस — ते डायटम शेवाळ. पाण्यातलं सिलिकेट संपत आलं की ते बहुधा आपणहून ओसरतं.

१८. पाणी बदलताना सायफन दर खेपेला तळाच्या चौथ्या हिश्श्यावरच फिरव — सगळा तळ एका दिवसात ढवळलास तर दबलेली घाण एकदम पाण्यात येते.

१९. दोन-चार नॅसारियस गोगलगायी ठेव, पण वाळू चाळणारा तारामासा लहान टाकीत आणू नकोस — गोगलगायी खाण्याचा वास येताच वाळूतून सोंड वर काढतात, मग अख्ख्या बाहेर येऊन उरलंसुरलं फस्त करतात. तारामासा वाळूतले सगळे बारीक जीव संपवतो आणि मग स्वतः उपाशी मरतो.

२०. थरातून सडक्या अंड्यांचा वास आला तर तो भाग ढवळू नकोस. मासे दुसऱ्या पिंपात हलव आणि तेवढी वाळू थोडी थोडी उपस — तो हायड्रोजन सल्फाइड वायू, माशांना विषारी.

२१. पावसाळ्याआधी बॅटरीवर चालणारा एअरपंप आणून ठेव — वीज गेली की पंप थांबतो, पण वाळूतले जिवाणू ऑक्सिजन घेतच राहतात आणि माशांच्या वाट्याचा कमी होतो.

एवढं झालं की मासे निवडायला मी येते. पण निघायच्या आधी मला अमोनियाचा आकडा लागेल, आणि तोही ‘साधारण ठीक आहे’ असा नको. चाचणी करून, वहीत लिहून कळव.