छायाचित्रातील रंगांचा खरेपणा : डिजिटल कॅमेरा आणि श्वेतसमतोल

या स्मरणिकेसाठी माजी विद्यार्थ्यांकडून आलेली छायाचित्रे निवडण्याचे काम आमच्याकडे आले, तेव्हा पहिल्याच दिवशी एक गोष्ट ध्यानात आली. निरोप समारंभाच्या एकाच सकाळी घेतलेली तीन छायाचित्रे टेबलावर शेजारी शेजारी ठेवली होती. मुले तीच, गणवेश तोच. परंतु सभागृहातील चित्रात पांढरा सदरा पिवळा झाला होता, व्हरांड्यातील चित्रात तो निळसर दिसत होता आणि कडुनिंबाखाली काढलेल्या समूहचित्रात त्यावर हिरवट झाक चढली होती. सदऱ्याचे एक वेळ सोडून देता येईल. पण सदऱ्यासोबत चेहऱ्यांचे रंगही पालटले होते.

त्याच गठ्ठ्यात एका वर्गाचे समूहचित्र होते. छपाई करून देणाऱ्या दुकानदाराने त्यातील सर्व मुलींचे चेहरे न विचारता उजळ करून दिले होते. एका विद्यार्थिनीच्या आईने ते चित्र हाती घेतले, बराच वेळ पाहिले आणि एवढेच म्हणाल्या, ‘‘नाक-डोळे माझ्या लेकीचे आहेत, पण रंग कोणाचा लावला?’’ हा प्रश्न आमच्या मनातून गेला नाही. छायाचित्रात रंग खरा यावा यासाठी काय करावे लागते, याचा आम्ही जो अभ्यास केला तो येथे मांडत आहोत. तो मोबाइल वापरणाऱ्या पालकांनाही उपयोगी पडावा.

डोळा आणि कॅमेरा

पांढरा कागद दुपारच्या उन्हात पाहिला काय किंवा रात्री पिवळ्या बल्बखाली पाहिला काय, आपल्याला तो पांढराच दिसतो. वस्तुतः दोन्ही वेळी त्यावरून डोळ्यांत येणारा प्रकाश अगदी वेगळा असतो. आपले डोळे व मेंदू भोवतालच्या प्रकाशाशी जुळवून घेतात आणि पांढऱ्याला पांढरे ठरवितात. कॅमेऱ्याचा सेन्सर मात्र असे जुळवून घेत नाही. त्याच्यावर जो प्रकाश पडतो तो तो मोजतो. म्हणून पांढरे काय आहे हे त्याला कोणीतरी सांगावे लागते. या सांगण्यालाच व्हाइट बॅलन्स किंवा श्वेतसमतोल म्हणतात.

सेन्सर रंग कसा मोजतो हे थोडक्यात पाहू. कोडॅक कंपनीतील शास्त्रज्ञ ब्राइस बेयर यांना १९७६ मध्ये एका रचनेचे पेटंट मिळाले. बहुतेक डिजिटल कॅमेरे आजही तीच रचना वापरतात. सेन्सरवरील दर चार सूक्ष्म चौकटींपैकी दोन हिरव्या, एक लाल आणि एक निळ्या गाळणीखाली असते. या तीन मोजमापांतून चित्रातील सारे रंग उभे राहतात. श्वेतसमतोल म्हणजे लाल व निळ्या मोजमापांना योग्य प्रमाणात वाढविणे, जेणेकरून करड्या अथवा पांढऱ्या वस्तूवर तिन्ही आकडे सारखे यावेत. पिवळ्या बल्बच्या प्रकाशात निळा अंश फार थोडा असतो. तेथे निळे मोजमाप पुष्कळ वाढवावे लागते आणि म्हणूनच अशा चित्रांत निळ्या भागांत खरखर अधिक दिसते.

वर्णतापमान

लोहाराच्या भट्टीत लोखंड तापते तेव्हा ते प्रथम लाल, मग नारिंगी, मग पिवळे आणि शेवटी पांढरे दिसू लागते. प्रकाशाच्या रंगाला तापमानाचा आकडा देण्याची कल्पना याच अनुभवावर उभी आहे. हा आकडा केल्विनमध्ये सांगतात. मेणबत्तीचा प्रकाश सुमारे १९०० केल्विन, जुन्या तारेच्या बल्बचा सुमारे २८००, दुपारच्या उन्हाचा सुमारे ५५००, ढगाळ आकाशाचा ६५००च्या आसपास आणि निरभ्र आकाशाखालील सावलीचा ७००० ते ८००० किंवा त्याहूनही अधिक असतो. येथे एक घोटाळा होतो. बोलण्यात आपण पिवळ्या प्रकाशाला उबदार व निळ्याला थंड म्हणतो. केल्विनचा आकडा मात्र निळ्याकडे जाताना वाढतो. एलईडी दिव्याच्या खोक्यावर छापलेला ३००० किंवा ६५०० हा आकडा याच मापाचा असतो.

परंतु हा आकडा केवळ पिवळा व निळा यांच्यामधला कल सांगतो. दुसरा कल हिरवा आणि किरमिजी यांच्यामध्ये असतो. झाडाच्या पानांतून गाळून आलेला प्रकाश किंवा काही ट्यूबलाइटचा प्रकाश चेहऱ्यावर हिरवट झाक आणतो; ती केल्विन कमी-जास्त करून जात नाही. कॅमेऱ्यात व संगणकावरील दुरुस्तीत यासाठी टिंट नावाची वेगळी पट्टी असते. कडुनिंबाखालच्या आमच्या समूहचित्राला ती किंचित किरमिजीकडे सरकविली, तेव्हा कुठे सदरे मूळ रंगावर आले.

कॅमेऱ्याचा अंदाज कोठे चुकतो

‘ऑटो’ ठेवलेला कॅमेरा चित्रातील रंग पाहून प्रकाशाचा अंदाज बांधतो. या अंदाजामागचे जुने व सोपे गृहीत असे, की साऱ्या दृश्याची सरासरी काढली तर ती करडी यावी. आजचे कॅमेरे याहून हुशार असले, तरी एकच गडद रंग चौकटभर पसरला की ते अजूनही फसतात. भन्तेजींचे चीवर चौकटीत भरून राहिले, की कॅमेरा त्या केशरी रंगाला दिव्याचा दोष समजतो आणि सारे चित्र निळ्याकडे ढकलतो. चीवर फिके पडते व चेहरा राखी होतो. निळ्या भिंतीपुढे उलटे घडते आणि चेहरे पिवळे-तांबूस होतात.

पंचरंगी धम्मध्वज ही या बाबतीत चांगली कसोटी आहे. निळा, पिवळा, लाल, पांढरा आणि नारिंगी हे पाचही रंग त्यात शेजारी असतात. समतोल चुकून चित्र पिवळे झाले, तर पांढरा पट्टा पिवळ्याजवळ जातो आणि निळा काळवंडतो. ध्वजातील पाचही पट्टे स्पष्ट वेगळे दिसत असतील, तर चित्रातील इतर रंगांवरही बऱ्यापैकी विश्वास ठेवता येतो.

हाताने समतोल साधण्याची रीत

पहिली पायरी म्हणजे प्रकाश ओळखणे. खिडकीतून ऊन आणि छतावर पिवळे दिवे असे दोन्ही असतील, तर अर्धा चेहरा निळा व अर्धा पिवळा येतो. अशा वेळी एक आकडा दोघांना पुरा पडत नाही. शक्य तेथे दिवे बंद करावेत किंवा पडदे ओढून घ्यावेत.

दुसरी पायरी म्हणजे कॅमेऱ्यात असलेल्या तयार खुणा वापरणे : ऊन, ढग, सावली, बल्ब, ट्यूबलाइट. घाईच्या कार्यक्रमात एवढेही पुरते. निदान सर्व चित्रे एकसारखी येतात आणि पुढे एकदमच दुरुस्त करता येतात.

तिसरी आणि सर्वांत खात्रीची रीत म्हणजे करडे कार्ड. छायाचित्रकारांसाठी मिळणारे हे कार्ड सामान्यतः सुमारे १८ टक्के प्रकाश परावर्तित करते. ज्याचे चित्र घ्यायचे त्याच्या चेहऱ्याजवळ, त्याच प्रकाशात ते धरावे, चौकट भरेल इतके जवळून त्याचे चित्र घ्यावे आणि कॅमेऱ्याच्या ‘कस्टम’ व्यवस्थेत तेच चित्र आधार म्हणून निवडावे. प्रकाश बदलला की ही कृती पुन्हा करावी. सभागृहातून अंगणात येताना हे विसरले जाते.

कार्ड नसल्यास पांढरा कागद चालेल काय, असे अनेक जण विचारतात. अडचणीत चालेल, पण झेरॉक्सच्या कागदात उजळपणासाठी घातलेली द्रव्ये उन्हात निळसर प्रकाश परत देतात. आपल्या पांढऱ्या सदऱ्याचेही तेच. धुताना नीळ घातलेला सदरा डोळ्यांना शुभ्र वाटतो, तरी तो किंचित निळाच असतो. त्याला पांढरा मानून समतोल साधला, तर चेहरे पिवळसर येतात.

कॅमेऱ्यात ‘रॉ’ स्वरूपात चित्र साठविण्याची सोय असल्यास ती अवश्य वापरावी. त्यात सेन्सरची मूळ मोजमापे राहतात, म्हणून समतोल नंतरही निवडता येतो. जेपेग चित्रात तो आधीच पक्का होतो आणि दुरुस्तीला मर्यादा पडते. दुरुस्ती करताना संगणकाचा किंवा मोबाइलचा रात्रीचा पिवळा पडदा मात्र बंद ठेवावा. नाहीतर दोष पडद्याचा आणि शिक्षा चित्राला, असे होते.

समतोलालाही मर्यादा आहेत. काही स्वस्त एलईडी दिव्यांच्या प्रकाशात लाल अंश पुरेसा नसतो. पांढरा सदरा पांढरा येतो, तरी चेहरे निस्तेज राहतात. कारण प्रकाशात जे नव्हतेच ते नंतर आणता येत नाही. दिवा घेताना त्याचा सीआरआय हा आकडा पाहावा. तो कमाल १०० असतो. छायाचित्रणासाठी ९० किंवा अधिक चांगला. आणि प्रत्येक चित्र पूर्ण पांढऱ्यावर आणावे असेही नाही. बुद्ध पौर्णिमेच्या रात्री मेणबत्त्यांच्या ओळीपुढे बसलेल्या मुलांवर थोडी पिवळी आभा राहिली, तर तीच त्या क्षणाची खरी नोंद होय.

चेहऱ्याचा रंग

आता त्या आईच्या प्रश्नाकडे वळू. रंगाचे प्रमाण कोणाच्या चेहऱ्यावरून ठरवायचे, याला इतिहास आहे. १९५०च्या दशकापासून कोडॅकने छपाईचे रंग जुळविण्यासाठी प्रयोगशाळांना नमुन्याची छायाचित्रे पुरविली. त्यांना ‘शर्ली कार्ड’ म्हणत आणि त्यांवर गोऱ्या स्त्रीचे चित्र असे. त्या चेहऱ्याला जुळवून छापलेल्या चित्रांत सावळ्या व काळ्या माणसांचे चेहरे बारकावे हरवून बसत. फिल्ममध्ये पुढे सुधारणा झाली, तिला लाकडी सामान व चॉकलेट बनविणाऱ्यांच्या तक्रारींचाही हातभार लागला. त्यांना तपकिरी रंगाच्या छटा वेगळ्या दिसायला हव्या होत्या. वेगवेगळ्या वर्णांच्या स्त्रियांचे कार्ड १९९०च्या दशकात आले.

आज आपल्या मोबाइलमधील ‘ब्यूटी’चे बटण तोच जुना नमुना पुन्हा पुढे करते. ते बंद ठेवावे. सावळ्या चेहऱ्याला उजळपणा नको, पुरेसा प्रकाश हवा. पांढरे सदरे पाहून कॅमेरा सारे चित्र काळे करतो, तेव्हा एक्सपोजर थोडे वाढवावे, मात्र सदऱ्याच्या चुण्या दिसत राहतील इतकेच. मुलांना भर उन्हात न उभे करता व्हरांड्याच्या कडेला, आकाशाच्या मोकळ्या उजेडात उभे करावे. मग सावळा रंग सावळाच येतो आणि डोळ्यांतील चमकही येते.

त्या समूहचित्राची मूळ फाइल एका माजी विद्यार्थ्याकडे मिळाली. आम्ही तिचा समतोल भिंतीवरील करड्या फरशीवरून साधला, चेहऱ्यांना हात लावला नाही आणि नवी प्रत त्या आईंकडे पाठविली. त्यांनी ती घरात लावली आहे. या स्मरणिकेतील छायाचित्रांसाठी आम्ही हाच नियम पाळण्याचा प्रयत्न केला : दिव्याचा दोष काढायचा, माणसाचा रंग बदलायचा नाही. पुढील वर्षी आपल्या मुलांची चित्रे काढताना माजी विद्यार्थ्यांनी व पालकांनीही तो पाळावा, एवढीच नम्र विनंती.