नक्कल आणि रुजवात : जाळ्यावरून फाइली उतरवून घेताना

जुहू आणि पवई ही दोन्ही ठिकाणे मुंबईच्या उपनगरांत मोडतात. जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र आणि पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्था यांचे संगणक 1986-87 च्या सुमारास साध्या टेलिफोनच्या तारेने एकमेकांना जोडले गेले. देशातील शिक्षण व संशोधन संस्थांना जोडणाऱ्या 'अर्नेट' या जाळ्याच्या अगदी आरंभीचा हा दुवा होय. त्या कामी वापरलेल्या आज्ञावलीचे नाव 'यूयूसीपी' असे होते. एका युनिक्स संगणकावरून दुसऱ्या युनिक्स संगणकावर नक्कल करणे, एवढाच त्या नावाचा अर्थ. बेल प्रयोगशाळेतील माइक लेस्क यांनी ती 1970 च्या दशकात लिहिली होती.

तारेवर खरखर होणार आणि जोडणी मध्येच तुटणार, हे या आज्ञावलीत गृहीतच धरलेले होते. मजकूर छोट्या छोट्या पुड्या करून पाठविला जाई. प्रत्येक पुडीसोबत तपासणीचा आकडा असे, आणि तो जुळला नाही तर तीच पुडी पुन्हा मागविली जाई. याहून मोलाची गोष्ट अशी की, येणारी फाइल प्रथम तात्पुरत्या नावाने साठविली जाई व पूर्ण उतरल्यावरच तिला तिचे खरे नाव मिळे. अर्धवट फाइल पूर्ण म्हणून कोणाच्या हाती पडू नये, यासाठी ही दक्षता होती.

आज उपनगरांतील कार्यालयांत, शाळांत व गृहनिर्माण संस्थांत तारेचा वेग हजारो पटींनी वाढला आहे. दफ्तर एका सर्व्हरवरील सामायिक फोल्डरमध्ये असते आणि त्याची नक्कल बहुधा आज्ञा टंकून, किंवा रात्री आपोआप चालणाऱ्या आज्ञापत्राने, दुसऱ्या यंत्रावर उतरविली जाते. प्रश्न वेगाचा राहिलेला नाही. उतरलेली नक्कल पूर्ण आहे की नाही, हा प्रश्न मात्र कायम आहे. जुने जमीन अभिलेख स्कॅन करून ज्या जिल्ह्यांत प्रथम ऑनलाइन उपलब्ध झाले, त्यांत मुंबई उपनगर जिल्हाही आहे. अशा दफ्तरातील एक पान गळले, तर एखाद्या कुटुंबाच्या घराचा पुरावा गळतो.

आज्ञा नेमकी कोठे अडली?

नक्कल होत नाही असे आढळताच तीच आज्ञा पुन:पुन्हा टंकण्याकडे साधारण कल असतो. त्याने काही साधत नाही. विंडोज प्रणाली नकार देताना बहुधा एक क्रमांकही देते, आणि त्या क्रमांकावरून अडथळ्याचे ठिकाण कळते. क्रमांक 53 चा अर्थ सर्व्हरपर्यंतची वाटच सापडली नाही. अशा वेळी सर्व्हरच्या नावाऐवजी त्याचा अंकी पत्ता देऊन पाहावे. पत्त्याने काम झाले, तर दोष नावाच्या नोंदीत आहे. 'पिंग' आज्ञेला उत्तर मिळाले म्हणजे वाट मोकळी आहे, असे मात्र समजू नये. फाइलींची देवाणघेवाण 445 क्रमांकाच्या दारातून होते आणि संरक्षक भिंत नेमके तेच दार बंद ठेवू शकते. क्रमांक 67 आला तर सामायिक फोल्डरचे नाव बहुधा चुकले आहे. क्रमांक 5 हा परवानगीचा नकार होय, तर 1326 म्हणजे वापरकर्त्याचे नाव किंवा परवलीचा शब्द चुकलेला.

क्रमांक 1219 पुष्कळांना बुचकळ्यात टाकतो. एकाच सर्व्हरशी एकाच बैठकीत दोन वेगवेगळ्या वापरकर्त्यांच्या नावांनी जोडणी करू पाहिल्यास तो येतो. सकाळी एका कर्मचाऱ्याच्या नावाने उघडलेला फोल्डर तसाच राहतो आणि दुपारी दुसऱ्या नावाने आज्ञा दिली की नकार मिळतो. 'नेट यूज' ही आज्ञा नुसती टंकली असता चालू जोडण्यांची यादी दिसते; त्यातील जुनी जोडणी तोडून नवी करावी.

एक अडथळा संदेशावरून ओळखू येत नाही. पडद्यावर 'झेड' अक्षराचा ड्राइव्ह स्पष्ट दिसत असतो, पण प्रशासकाच्या अधिकाराने उघडलेल्या आज्ञा-खिडकीत तो असल्याची खूणही नसते. रात्रीच्या नियोजित कामातही हेच घडते. ड्राइव्हचे अक्षर हे त्या त्या बैठकीपुरते असते. बैठक बदलली की ते नाहीसे होते. यासाठी आज्ञापत्रात अक्षर न देता दोन उलट्या तिरप्या रेघांनी सुरू होणारा सर्व्हरचा पूर्ण मार्गच लिहावा, आणि नियोजित काम ज्या नावाने चालते त्या नावाला फोल्डरची परवानगी आहे ना, हे पाहावे.

काही जुनी स्कॅनर यंत्रे व साठवण-पेट्या 'एसएमबी' नियमावलीची पहिली आवृत्तीच जाणतात. मे 2017 मधील 'वॉनाक्राय' हल्ल्याने याच आवृत्तीतील दोषाचा फायदा घेतला होता. त्या वर्षअखेरीपासून विंडोज 10 च्या नव्या प्रतींत ती आवृत्ती मुळात बसविलेली नसते. ती पुन्हा सुरू करण्याचा मोह टाळून जुने यंत्र बदलणे श्रेयस्कर.

दिसायला एक, प्रत्यक्षात दोन

मराठी नावांचा प्रश्न वेगळा आहे आणि परभाषेतील मार्गदर्शक पुस्तकांत तो क्वचितच सापडतो. 'बोरिवली' आणि 'बोरीवली' ही दोन्ही रूपे व्यवहारात चालतात. वाचणारा तिकडे लक्षही देत नाही. संगणकाच्या लेखी मात्र ती दोन निराळी नावे आहेत. फोल्डर ऱ्हस्व वेलांटीने केलेला आणि आज्ञा दीर्घ वेलांटीने लिहिलेली असली, तर 'फाइल सापडली नाही' हेच उत्तर मिळणार. इथे निदान डोळ्यांना फरक दिसतो. 'कऱ्हाडकर' या नावातील 'ऱ्ह' हे जोडाक्षर वेगवेगळ्या कळफलकांवर वेगवेगळ्या संकेतांनी उमटू शकते. काही वेळा त्यात न दिसणारे जोडचिन्हही असते. पडद्यावर दोन्ही नावे अगदी सारखी दिसतात, तरी जुळत नाहीत. असे नाव हाताने न टंकता फोल्डरमधून उचलून आज्ञेत घालावे. देवनागरी नावे असलेले आज्ञापत्र यूटीएफ-8 पद्धतीने साठवून त्याच्या आरंभी संकेतपृष्ठ 65001 निवडावे. नाहीतर अक्षरांच्या जागी निरर्थक खुणा येतात.

नावांत मोकळी जागा असेल, तर संपूर्ण मार्ग दुहेरी अवतरणचिन्हांत घालणे अवश्य आहे. पण अवतरण मिटण्याआधी शेवटी तिरपी रेघ राहिली, तर 'रोबोकॉपी' त्या चिन्हाला नावाचाच भाग मानते आणि पुढची सारी आज्ञा बिघडते. लांबलचक मार्गही त्रास देतात. मार्ग 254 अक्षरांपलीकडे गेला की 'एक्सकॉपी' थांबते आणि 'स्मृती अपुरी आहे' असे सांगते. वस्तुत: स्मृतीला काहीही झालेले नसते! या संदेशावर विसंबून यंत्रात स्मृती वाढविणे म्हणजे पैसा वाया घालविणे होय. 'रोबोकॉपी' लांब मार्ग पेलते, म्हणून तिचा वापर करावा.

रोबोकॉपीचे गुण आणि धोके

ही आज्ञा विंडोज व्हिस्टापासून प्रणालीतच समाविष्ट आहे. तुटलेली नक्कल जेथे थांबली तेथून पुढे नेण्याची सोय तिच्यात 'झेड' या पर्यायाने होते. परंतु तिची मूळ मांडणी ध्यानात घेण्याजोगी आहे. एखादी फाइल अडली तर ती 10 लाख वेळा प्रयत्न करते व दर वेळी 30 सेकंद थांबते. हिशेब केला तर एका अडलेल्या फाइलीपायी 347 दिवस निघतात. कोणी संगणकावर फाइल उघडी ठेवून घरी गेले, की रात्रीचे काम सकाळी तेथेच अडकलेले दिसते ते यामुळे. 'आर' व 'डब्ल्यू' या पर्यायांनी प्रयत्न 3 व प्रतीक्षा 5 सेकंद अशी मर्यादा घालता येते.

'एमआयआर' हा पर्याय वापरताना तर हात आखडताच असावा. तो मूळ फोल्डरचे हुबेहूब प्रतिबिंब घडवितो, म्हणजे मूळ ठिकाणी जे नाही ते नकलेतूनही पुसून टाकतो. मूळ आणि लक्ष्य यांची नावे उलटी लिहिली गेली किंवा मूळ फोल्डर चुकून रिकामा झाला, तर जपून ठेवलेली नक्कलच नष्ट होते, आणि तेही कोणताही दोष न दाखविता. 'एल' हा पर्याय जोडल्यास काय उतरेल व काय पुसले जाईल याची केवळ यादी मिळते. ती वाचल्याविना खरी आज्ञा देऊ नये.

काम संपल्यावर मिळणारा अंकही फसवा आहे. इतर आज्ञांत शून्य म्हणजे यश व बाकी सारे अपयश. रोबोकॉपीत 1 म्हणजे फाइली यथास्थित उतरल्या, 0 म्हणजे उतरविण्यासारखे काही नव्हते; 8 किंवा त्याहून मोठा अंक आला तरच अपयश. ही बाब न जाणता लिहिलेले आज्ञापत्र यशाला अपयश ठरविते. कर्मचारी रोजच्या खोट्या इशाऱ्यांना सरावतात आणि खरा 8 ज्या दिवशी येतो त्या दिवशी तो कोणी पाहत नाही.

रुजवात

कागदी नकलेवर 'नक्कल करणार' आणि 'रुजवात घेणार' अशा दोन सह्या असतात, हे कचेरीत गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. संगणकीय नकलेत दुसरी सही बहुधा राहून जाते. फाइलींची संख्या व आकार जुळले म्हणजे झाले, असे मानले जाते. परंतु लक्ष्य ठिकाणी जागा आधीच राखली जात असल्याने मजकूर पुरता उतरण्यापूर्वीही आकार पूर्ण दिसू शकतो. खरी रुजवात मजकुरावरून काढलेल्या ठशाने होते. विंडोजमधील 'सर्टयुटिल' ही आज्ञा एसएचए-256 पद्धतीने प्रत्येक फाइलीचा 64 अंकाक्षरांचा ठसा काढून देते. मूळ मजकुरात एक अक्षर बदलले तरी सारा ठसा बदलतो.

26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ वेधशाळेत 24 तासांत 944 मिलिमीटर पावसाची नोंद झाली आणि उपनगरांतील असंख्य तळमजले पाण्याखाली गेले. मूळ यंत्र व नकलेचे यंत्र एकाच खोलीत असेल, तर अशा दिवशी दोन्ही एकदमच जातात. म्हणून अंधेरीच्या दफ्तराची नक्कल मुलुंडला किंवा घाटकोपरला, आणि तीही वरच्या मजल्यावर, ठेवणे इष्ट. ठशांची यादी मात्र दोन्ही ठिकाणी असावी. काही हजार फाइलींचे ठसे एका रात्रीत ताडून होतात. सकाळी कर्मचाऱ्याने पाहायचा तो न जुळलेल्या नावांचा तक्ता, आणि त्यातील प्रत्येक नाव मूळ फोल्डरमधून पुन्हा उतरवून घ्यायचे.