प्रोजेक्टर घेण्यापूर्वी

प्रभात फिल्म कंपनीचा ‘संत तुकाराम’ (१९३६) मराठीच्या वर्गात दाखवायचा, तर व्हिडिओ प्रोजेक्टर हवा, पण कोणता? अमरावती-अकोल्याच्या महाविद्यालयांतून हा प्रश्न निघाला, की दरपत्रके मागवली जातात आणि ज्याचे ल्यूमेन अधिक, ते यंत्र उत्तम, असा निष्कर्ष सहज निघतो. माझ्या मते निवडीचा आरंभ यंत्रापासून नव्हे, खोलीपासून व्हावा.

एक साधा हिशेब मांडू. ८ फूट रुंद व ४.५ फूट उंच पडदा म्हणजे सुमारे ३.३ चौरस मीटर. त्यावर ३००० ल्यूमेन प्रकाश पसरला, की सुमारे ९०० लक्स उजेड पडतो. खिडक्यांतून आणखी ३०० लक्स येत असतील, तर चित्राचा पांढरा भाग १२०० आणि काळा भाग ३०० लक्स. प्रमाण अवघे ४ : १. प्रोजेक्टरला काळा रंग टाकता येत नाही. तेथे खोलीतला उजेडच दिसतो. एवढ्यात ठळक अक्षरे वाचता येतील, पण चित्रपटातील रात्रीचा प्रसंग धुऊन निघेल. जाड पडदे लावून तोच उजेड ३० लक्सवर आणला, तर प्रमाण ३१ : १ होते. खिडक्या उघड्या ठेवून हेच साधायचे, तर ३०,००० ल्यूमेनचे यंत्र लागेल!

दुसरी बाब अंतराची. ज्या यंत्राचे प्रक्षेप-गुणोत्तर १.५ आहे, त्याला ८ फूट रुंद चित्रासाठी १२ फूट अंतर लागते. वाटेत छताचा पंखा येतो का, हे आधीच पाहावे. शिवाय जुन्या चित्रपटांची चौकट ४ : ३ च्या जवळची, त्या पडद्यावर त्यांचे चित्र सहा फुटांच्या आसपासच रुंद दिसेल.

तिसरी बाब आपल्या वऱ्हाडची. मे २०२० मध्ये अकोल्याचा पारा ४७ अंशांवर गेला होता; बहुतेक प्रोजेक्टरांची मर्यादा ३५ ते ४० अंश असते. उष्ण हवा छताशी साठते आणि यंत्रही आपण तेथेच टांगतो. म्हणून भोवती मोकळी जागा ठेवावी व धुळीची जाळी नियमित साफ करावी. वीज अचानक गेली, की दिव्याच्या यंत्राचा पंखाही थांबतो व तापलेला दिवा निवत नाही. अशा ठिकाणी लेझरचे यंत्र महाग असले तरी विचारात घ्यावे.

तात्पर्य, आधी खिडक्यांचे पडदे, मग अंतराचे मोजमाप आणि शेवटी दरपत्रक. विक्रेत्याला प्रात्यक्षिक आपल्याच सभागृहात, भर दुपारी द्यायला सांगावे आणि निर्णय शेवटच्या बाकावर बसून घ्यावा.