मानेतील गाठ आणि प्रतिध्वनी

मानेत गाठ दिसली की पुष्कळ घरी लेप लावितात, आणि ‘गंडमाळ’ हा शब्द शेजाऱ्यांच्या कानी जाऊ नये म्हणून जपतात. अशा लपवालपवीत मोलाचे दिवस जातात. यास्तव सोनोग्राफीने काय कळते, हे आम्ही थोडक्यात सांगतो.

मनुष्याच्या कानास सेकंदास सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो. मानेच्या तपासणीत सुमारे ७५ लक्ष ते दीड कोटी कंपनांचा ध्वनी योजितात. त्याच्या प्रतिध्वनींपासून चित्र उमटते. त्यात क्ष-किरण मुळीच नसतात.

पाण्याने भरलेली गाठ काळी दिसते. निरोगी लसिकाग्रंथी घेवड्याच्या बीसारखी लांबट व मध्यभागी उजळ असते. ती वाटोळी होऊन उजळ भाग लोपला, तर संशय येतो. क्षयरोगात अनेक ग्रंथी एकमेकींस चिकटलेल्या आढळतात. तथापि चित्र संशय दाखविते, निकाल देत नाही. त्यासाठी सुईने पेशी काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहाव्या लागतात. त्या सुईसही वाट हेच चित्र दाखविते.

घसा किंवा दात दुखल्याने आलेली गाठ बहुधा आपोआप ओसरते. दोन आठवड्यांनंतरही ती राहिली, तर मुलांनी ती लपवू नये व पालकांनी वैद्यकीय तपासणीस विलंब करू नये. क्षय औषधांनी बरा होतो. लाजेने मात्र तो वाढतो.