गाव साक्षर झाले, पुढे काय?

काही वर्षांपूर्वी दौऱ्यावर असताना एका ग्रामपंचायतीच्या कार्यालयात ग्रामसभेच्या उपस्थितीची नोंद चालली होती. साठीच्या पुढच्या एका बाईंनी नोंदवहीवर अंगठा उमटविला. शेजारच्या शिक्षकांनी सहज सांगितले, की या बाईंना साक्षरता अभियानात नवसाक्षर म्हणून प्रमाणपत्र मिळाले होते. ‘‘मग मावशी, सही का नाही केलीत?’’ असे विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘‘साहेब, अक्षरं आली होती हो. पण पुढं घरात वाचायला काही आलंच नाही. गेली निघून.’’

प्रौढ शिक्षणाच्या कार्याची खरी कसोटी या एका उत्तरात सामावलेली आहे. निरक्षराला साक्षर करणे हे अवघड काम होय. परंतु साक्षर झालेल्याला साक्षर ठेवणे आणि त्याच्या साक्षरतेतून त्याचे जीवन समृद्ध करणे, हे त्याहून अवघड, दीर्घ पल्ल्याचे काम आहे. पहिले काम अभियानाने होते. दुसरे अभियानाने होत नाही. त्यासाठी गावात कायमस्वरूपी अभ्यासवर्ग चालावा लागतो. अशा वर्गाची गरज, त्याची परंपरा आणि त्याची मांडणी यांचा विचार शिक्षक, अधिकारी व पंचायत सदस्य यांनी एकत्रितपणे करावयास हवा.

परंपरेचे पाठबळ

महाराष्ट्राला ही कल्पना नवीन नाही. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८५५ मध्ये पुण्यात शेतकरी व मजूर स्त्री-पुरुषांसाठी रात्रीची शाळा काढली. दिवसभर राबणाऱ्या माणसाच्या सवडीप्रमाणे शाळेने आपली वेळ बदलावी, हे तत्त्व त्या शाळेने घालून दिले. पुढे १८७५ मध्ये न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली आणि परीक्षा वा पदवी यांच्याशी संबंध नसलेल्या लोकशिक्षणाची पायवाट शहरोशहरी रुळली. कीर्तन, पारायण आणि एकादशीचे भजन यांनी तर शतकानुशतके गावाला एकत्र बसून ऐकण्याची, विचार करण्याची सवय लावलेली आहे.

स्वातंत्र्योत्तर काळात १९५९ साली सातारा जिल्ह्यातून ग्राम शिक्षण मोहीम सुरू झाली व नंतर ती राज्यात इतरत्र पसरली. प्राथमिक शिक्षकांनी वर्ग चालविले, ग्रामस्थांनी जागा व दिवाबत्तीची सोय केली आणि गाव साक्षर झाल्यावर ‘ग्रामगौरव समारंभ’ साजरा होऊ लागला. एकट्यादुकट्या व्यक्तीने नव्हे, तर साऱ्या गावाने शिकण्याचा संकल्प करावयाचा, हे या मोहिमेचे वैशिष्ट्य होते. निरक्षरता घालविण्याबरोबरच मिळविलेली साक्षरता टिकविणे आणि ग्रामस्थांचे ज्ञान वाढविणे ही उद्दिष्टेही तिने डोळ्यांसमोर ठेवली होती. तथापि, समारंभाचे मांडव उतरल्यानंतर वर्गाचा कंदीलही अनेक ठिकाणी विझला, हा अनुभव नोंदविल्याविना हा इतिहास पूर्ण होत नाही.

२ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रमास प्रारंभ झाला. केवळ अक्षरओळख पुरेशी नाही, तिच्या जोडीला व्यवहारोपयोगी कौशल्य आणि सामाजिक जाणीव हवी, हा विचार त्याने मांडला. ५ मे १९८८ रोजी राष्ट्रीय साक्षरता मिशन स्थापन झाले. साक्षरतोत्तर शिक्षणासाठी सुमारे ५,००० लोकसंख्येमागे एक जन शिक्षण निलयम असावे, अशी योजना त्या काळात आखण्यात आली होती. नंतर २००९ ते २०१८ या काळातील साक्षर भारत कार्यक्रमात ग्रामपंचायत पातळीवर लोकशिक्षण केंद्र व प्रेरक यांची तरतूद होती. पुढे २०२२ ते २०२७ या कालावधीसाठी आखलेल्या ‘उल्लास’ अर्थात नवभारत साक्षरता कार्यक्रमात पायाभूत साक्षरता व संख्याज्ञान, जीवनकौशल्ये, व्यवसायकौशल्ये, मूलभूत शिक्षण आणि निरंतर शिक्षण अशी पाच अंगे ठरविण्यात आली. वय वर्षे १५ पासून पुढील सर्वांसाठी असलेला हा कार्यक्रम स्वयंसेवकांच्या बळावर उभा करण्यात आला.

या साऱ्या प्रवासातून एक सूत्र हाती लागते. प्रत्येक योजनेत ‘निरंतर शिक्षण’ हा शब्द होता. परंतु योजनेची मुदत संपली, की तो शब्दही कागदावर राहिला. म्हणून वर्गाचे मूळ योजनेत नव्हे, तर गावाच्या स्वतःच्या संस्थांत रुजले पाहिजे.

अक्षरे का निघून जातात?

एकात्मिक पद्धतीच्या तीन वाचनपुस्तिका पूर्ण करण्यास प्रौढाला सुमारे २०० तास लागतात, असे साक्षरता अभियानात गृहीत धरलेले होते. रोज दोन तास आणि आठवड्याचे सहा दिवस वर्ग चालला, तर हा अभ्यास चार महिन्यांचा होतो. चार महिन्यांत अक्षरांची ओळख होते. परंतु वाचनाची गती येत नाही. अक्षर अक्षर जुळवीत वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत वाक्याचा आरंभ विसरला जातो आणि अर्थ हाती लागत नाही. अर्थ लागत नाही म्हणून वाचनाची गोडी नाही, गोडी नाही म्हणून सराव नाही आणि सराव नाही म्हणून अक्षरे निघून जातात. हे चक्र भेदणे, हेच साक्षरतोत्तर वर्गाचे पहिले काम होय.

दुसरे कारण वरवर क्षुल्लक वाटते, पण ते महत्त्वाचे आहे. चाळिशीनंतर जवळचे दिसणे कमी होत जाते. ‘‘माझ्या डोक्यात शिरत नाही’’ असे म्हणणाऱ्या कित्येक प्रौढांच्या बाबतीत दोष बुद्धीचा नसून दृष्टीचा असतो. वर्ग सुरू करण्यापूर्वी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या साहाय्याने सर्वांची नेत्रतपासणी करून गरजूंना चष्मे मिळवून दिले, तर वर्गातील गळतीचे एक मोठे कारण दूर होते.

तिसरे कारण मनाचे आहे. ‘‘या वयात शिकून काय करायचे?’’ हा प्रश्न जितका शिकणाऱ्याचा, तितकाच त्याच्या घरच्यांचाही असतो. ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यातील फांगणे या गावाने या प्रश्नाला सुंदर उत्तर दिले. ८ मार्च २०१६ रोजी, म्हणजे आंतरराष्ट्रीय महिला दिनी, तेथे साठ वर्षांवरील स्त्रियांसाठी ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली. गुलाबी नऊवारी नेसून, खांद्याला दप्तर लावून, पाटी घेऊन आज्या दुपारी वर्गात येऊ लागल्या. घरकाम आटोपल्यानंतरची वेळ, शाळेचा म्हणून एक सन्मानाचा वेश आणि पोथी वाचता यावी ही मनातली इच्छा, या तीन गोष्टींनी संकोच घालविला. शिकण्याचे प्रयोजन शिकणाऱ्याने ठरवावे, हाच या उदाहरणाचा बोध आहे.

काय शिकवावे?

वर्गाचा अभ्यासक्रम वरून उतरलेला नसावा. तो गावाच्या व्यवहारातून वर यावा. याचे एक उदाहरण सविस्तर पाहू. सातबाराचा उतारा प्रत्येक शेतकरी कुटुंबात असतो. पण तो वाचता येणारे थोडे. गाव नमुना सातमध्ये जमीन कोणाच्या नावे आहे, क्षेत्र किती, आकारणी किती आणि ‘इतर हक्क’ या सदरात कोणता बोजा आहे, हे कळते. तर नमुना बारामध्ये पिकांची नोंद असते. हा एक कागद वर्गात आठवडाभर पुरतो. ‘भोगवटादार’ हा लांबलचक शब्द वाचणे, हे भाषेचे काम. शंभर आर म्हणजे एक हेक्टर, चाळीस गुंठे म्हणजे एक एकर आणि एक एकर म्हणजे सुमारे चाळीस आर, हे गणिताचे काम. सोसायटीचे कर्ज फिटल्यावरही बोजा उताऱ्यावर का राहिला आणि तो कमी करण्यासाठी अर्ज कोणाकडे करावयाचा, हे नागरिकत्वाचे काम. लेखन, वाचन, गणित आणि हक्काची जाणीव ही चारही अंगे एकाच कागदात आली.

१९९२ साली शासनाने लक्ष्मी मुक्ती योजनेद्वारे पतीच्या शेतजमिनीवर पत्नीचे नाव लावण्याचा मार्ग मोकळा केला. आपले नाव उताऱ्यावर आले किंवा नाही, हे ज्या स्त्रीला स्वतः वाचता येते, तिच्या दृष्टीने साक्षरता ही शोभेची वस्तू राहत नाही.

याच रीतीने दूध संकलन केंद्रावरील चिठ्ठी, बचत गटाचे हिशेब, बँकेचे पासबुक, रास्त भाव दुकानाची पावती, औषधाच्या वेष्टनावरील मुदत आणि रोजगार हमीच्या कामावरील हजेरीपत्रक हे सारे धडेच आहेत. मोबाइलवर आलेला संदेश खरा की फसवा, सांकेतिक क्रमांक परक्याला का सांगू नये, हाही नव्या काळाचा धडा होय.

परंतु वर्ग केवळ व्यवहाराचा असू नये. माणूस केवळ पावत्या वाचण्यासाठी वाचावयास शिकत नाही. आठवड्यातून एक दिवस गाणी, ओव्या, गोष्टी, गावाचा इतिहास, आकाशातील नक्षत्रे यांसाठी राखून ठेवावा. जात्यावरच्या ओव्या ज्या वृद्धांना पाठ आहेत, त्यांच्याकडून त्या म्हणवून घेऊन मोठ्या अक्षरांत लिहाव्यात व त्यांनाच वाचावयास द्याव्यात. मजकूर आधीच मुखोद्गत असल्याने डोळा अक्षरावर आणि जीभ ओळीवर एकाच वेळी पुढे सरकते, वाचनाला गती येते आणि ‘‘मला वाचता आले’’ हा आनंद पहिल्याच आठवड्यात मिळतो. वर उल्लेखिलेले चक्र नेमके येथे भेदले जाते. शिवाय, शिकणारी व्यक्ती त्या दिवशी वर्गाची शिक्षिकाही ठरते.

ज्यांना पुढे औपचारिक शिक्षणाची ओढ आहे, त्यांना तो मार्गही दाखवावा. १९८९ मध्ये नाशिक येथे स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद स्वीकारून शाळा सुटलेल्यांसाठी उच्च शिक्षणाची दारे उघडली. केरळ राज्याने १९९१ मध्ये संपूर्ण साक्षरतेची घोषणा केल्यानंतर प्रौढांसाठी चौथी, सातवी, दहावी आणि बारावीच्या समकक्ष परीक्षांची व्यवस्था उभी केली. तेथे २०१८ साली वयाच्या ९६ व्या वर्षी कार्त्यायनी अम्मा यांनी साक्षरता परीक्षेत १०० पैकी ९८ गुण मिळविले, हे उदाहरण सर्वश्रुत आहे.

वर्ग कसा चालवावा?

जागा : शाळेची खोली, समाजमंदिर अथवा सार्वजनिक ग्रंथालय. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ मध्ये संमत झाला. त्यानुसार मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांचे राज्यात विस्तृत जाळे आहे. ग्रंथालय वर्गाशी जोडले, तर ‘‘वाचायला काही आलंच नाही’’ ही तक्रार उरणार नाही. मोठ्या टाइपातील, सोप्या भाषेतील पुस्तकांचे स्वतंत्र कपाट मात्र तेथे हवे.

वेळ : ती शिकणाऱ्यांनी ठरवावी. पेरणी, काढणी व लग्नसराई या काळात वर्ग आठवड्यातून एकदा भरला तरी चालेल. पण तो बंद पडता कामा नये. बंद पडलेला वर्ग पुन्हा सुरू करणे हे नवा वर्ग काढण्यापेक्षा कठीण असते.

शिक्षक : शाळेच्या शिक्षकांवरच सारा भार टाकणे योग्य नव्हे. आशा कार्यकर्ती, कृषी सहायक, बँक सखी, निवृत्त कर्मचारी, महाविद्यालयीन मुले-मुली यांनी आपापल्या विषयाचे धडे वाटून घ्यावेत. शिक्षकाने समन्वय करावा. मोठ्या माणसाला चारचौघांत चुकीबद्दल टोकू नये आणि त्याला ‘अहो-जाहो’नेच संबोधावे, एवढे पथ्य मात्र प्रत्येकाने पाळावे.

पंचायत : शिक्षणप्रसार आणि वाचनालये हे विषय ग्रामपंचायतीच्या कार्यकक्षेत येतात. ग्रामविकास आराखडा तयार होताना वर्गासाठी दिवाबत्ती, फळा, पुस्तके यांची लहानशी तरतूद व्हावी आणि वर्गाचा वृत्तांत ग्रामसभेपुढे वाचला जावा. तो वर्गातील एखाद्या विद्यार्थिनीनेच वाचून दाखविला, तर त्यासारखा दुसरा अहवाल नाही.

मोजमाप : वर्गाचे यश हजेरीच्या आकड्यात शोधू नये. वर्षाअखेर किती जणांनी अंगठ्याऐवजी सही केली, किती जणींनी बँकेचा अर्ज स्वतः भरला, ग्रंथालयातून किती पुस्तके घरी गेली, हे पाहावे.

महाराष्ट्रातील साक्षरतेचे प्रमाण २०११ च्या जनगणनेनुसार ८२ टक्क्यांहून अधिक होते. मात्र पुरुषांचे प्रमाण ८८ टक्क्यांच्या पुढे असताना स्त्रियांचे ७६ टक्क्यांच्या आसपास होते. पंचायतींत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव असलेल्या राज्यात ही तफावत केवळ शिक्षण खात्याचा प्रश्न राहत नाही. ठरावाखाली सही करणाऱ्या हाताला ठरावातील शब्द कळले पाहिजेत. तरच सत्तेचे विकेंद्रीकरण खऱ्या अर्थाने गावापर्यंत पोहोचले, असे म्हणता येईल.

त्या मावशींच्या घरी अक्षरे पाहुण्यासारखी आली आणि निघून गेली. ती घरचीच होऊन राहावीत, असे वाटत असेल, तर त्यांची रोजची ऊठबस गावात झाली पाहिजे. त्यासाठी मोठ्या निधीची वाट पाहण्याचे कारण नाही. एक खोली, एक दिवा, मोठ्या अक्षरांची काही पुस्तके आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी देणारी चार माणसे प्रत्येक गावात आहेत. त्यांना एकत्र आणण्याचे काम तेवढे आपण करावयाचे आहे.