खापराची किंमत

गेल्या मे महिन्यात मी भोपाळला आनंद नगरात मामांकडे गेलो होतो. जाताना महेश्वर पाहिले. तेथे नर्मदाकाठच्या एका नांगरलेल्या शेतात मला नक्षीचे खापर सापडले. ते मी साबणाने घासून लख्ख केले आणि मामांपुढे ठेवले. "मामा, याचे किती पैसे येतील?"

मामा इतिहासाचे निवृत्त शिक्षक. ते म्हणाले, "किंमत मागाहून. आधी ओळखायला शीक."

प्रथम तुटलेली कड पाहावी. मधला थर काळपट असेल तर भाजणी अपुरी झालेली असते. मग आतली बाजू पाहावी. तेथील बारीक समांतर रेषा म्हणजे कुंभाराच्या चाकाची खूण. त्यानंतर लेप व रंग. माळवा संस्कृतीच्या (साधारणतः इ. स. पूर्व १७०० ते १४००) भांड्यांची माती जाडसर असून नारिंगी-तांबूस लेपावर काळी किंवा तपकिरी नक्षी असते. महेश्वरसमोरच्या नावडाटोलीला डॉ. ह. धी. सांकलिया यांच्या उत्खननात अशी भांडी विपुल मिळाली. आपल्याकडील अहिल्यानगर जिल्ह्यातील जोर्वे येथील भांडी त्यानंतरची. त्यांची माती बारीक, भाजणी पक्की. टिचकी मारली की खणखणीत वाजतात.

माझे खापर माळव्याचे वाटत होते. मी हरखलो. तोच मामांनी विचारले, "कोणत्या शेतात मिळाले? किती खोलीवर? सोबत काय होते?"

मला एकाही प्रश्नाचे उत्तर देता येईना. चिकटलेली माती तर मीच धुऊन टाकली होती!

आफ्रिकेतही हेच घडले. नायजेरियातील नोक येथील मातीच्या मूर्ती १९२८ साली कथलाच्या खाणीत प्रथम हाती आल्या. पुढे परदेशी बाजारात त्यांना भाव आला आणि चोरट्यांनी जागा उकरल्या. तापदीप्ती पद्धतीने मूर्ती केव्हा भाजली ते आजही काढता येते. पण ती घरात होती की थडग्यात, हे उकरलेली जागा सांगू शकत नाही.

आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या अशा वस्तू पुरावशेष ठरतात. परवान्याशिवाय त्यांचा व्यापार करता येत नाही व खाजगी व्यक्तीला त्या परदेशी पाठविता येत नाहीत. म्हणून मित्रहो, खापर दिसले तर उचलू नका. छायाचित्र घ्या, जागा टिपून ठेवा, पुरातत्त्व खात्याला कळवा.

निघताना मामांनी एक चिठ्ठी लिहून त्या खापराला बांधली : "महेश्वर परिसर. नेमकी जागा अज्ञात." माझ्या उतावळेपणाची किंमत त्या दोन वाक्यांत होती.