राज्याचे कर्ज आणि रयतेचा हिशेब



"सरकारने कर्ज काढावे की नाही?" हा विषय वादविवादाच्या सभेत पुष्कळदा येतो. एक पक्ष 'अंथरूण पाहून पाय पसरावे' ही म्हण पुढे करितो. दुसरा पक्ष म्हणतो की, कर्जावाचून धरणे, लोहमार्ग आणि इस्पितळे उभीच राहिली नसती. टाळ्या दोघांनाही पडतात, सभा संपते, आणि श्रोत्यांच्या पदरात फारसे काही पडत नाही. याचे कारण आमच्या मते असे की, कर्ज चांगले की वाईट एवढ्यावरच वाद अडून राहतो. ते कोणाच्या हुकमाने काढले, कशावर खर्चले, कोण फेडणार, आणि त्याचा हिशेब कोणापुढे मांडला गेला, हे चार प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. या प्रश्नांची थोरवी कळावी म्हणून फार दूर जावयास नको. आपला हा धाराशिव प्रांतच एके काळी राज्याच्या कर्जापायी परसत्तेच्या स्वाधीन करण्यात आला होता. ती हकीकत आपण प्रथम पाहू.

हैदराबादचा निजाम व ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात इ. स. १८०० मध्ये तह झाला. युद्धप्रसंगी निजामाने ठराविक घोडेस्वार व पायदळ कंपनीच्या मदतीस द्यावे, असे त्यात ठरले होते. पुढे हेन्‍री रसेल हा रेसिडेंट असताना या फौजेचे स्वरूप पालटले. युद्ध असो वा नसो, इंग्रज अंमलदारांच्या हाताखाली एक कायमची फौज हैदराबाद राज्यात राहू लागली. हुकूम रेसिडेंटाचा आणि पगार निजामाच्या तिजोरीतून, असा हा प्रकार होता. या 'कंटिन्जंट' फौजेचा खर्च वर्षास सुमारे ४० लक्ष रुपयांवर गेला. एवढा पैसा आणावयाचा कोठून? दिवाणीची सूत्रे त्या वेळी राजा चंदुलाल यांच्या हाती होती. त्यांनी सावकारांकडून व विल्यम पामर याच्या पेढीकडून कर्ज उचलले. व्याजाचा दर शेकडा २४ च्या घरात होता. चार्ल्स मेटकाफ याने रेसिडेंट झाल्यावर या व्यवहाराची चौकशी चालविली. अखेर ते देणे भागविण्यासाठी निजामाने उत्तर सरकार प्रांताबद्दल कंपनीकडून दरसाल मिळणारी ७ लक्षांची पेशकश कायमची सोडून दिली आणि तिच्या मोबदल्यात सुमारे १ कोटी १६ लक्ष रुपये एकरकमी घेतले. म्हणजे मागचे कर्ज फेडण्याकरिता पुढचे उत्पन्नच विकले गेले.

एवढ्याने रोग बरा झाला नाही, कारण त्याचे मूळ तसेच राहिले होते. फौजेचा खर्च चालूच होता. महसूल गोळा करण्याचे काम मक्त्याने दिले जाई. जो अधिक रकमेची बोली करी त्यास तालुका मिळे, आणि तो आपली रक्कम नफ्यासह रयतेकडून वसूल करी. पीक आले की नाही, याची पर्वा मक्तेदारास नसे. पुढील साली तालुका आपल्याकडे राहील की नाही, याचीच त्याला खात्री नसे. अशा वसुलीने शेतकरी गाव सोडून जाई, जमीन पडीक पडे, आणि पुढील वर्षीचे उत्पन्न आणखी घटे. तिजोरीत पैसा नाही म्हणून फौजेचा पगार कंपनीच्या खजिन्यातून उसना देण्यात येऊ लागला आणि तो निजामाच्या नावे कर्ज म्हणून लिहिला जाऊ लागला.

अखेर लॉर्ड डलहौसीच्या कारकीर्दीत, ता. २१ मे १८५३ रोजी, नवा तह झाला. फौजेच्या खर्चाची तरतूद म्हणून वऱ्हाड, रायचूरचा दुआब आणि धाराशिव-नळदुर्गाकडील प्रांत इंग्रजांच्या ताब्यात देण्यात आला. सावकाराकडे शेत गहाण पडावे, तद्वत हे मुलूख गेले. नळदुर्गाकडील कारभार कॅप्टन मेडोज टेलर या अधिकाऱ्याकडे सोपविण्यात आला. 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' या इंग्रजी कादंबरीचा लेखक तो हाच. त्याने येथे जमिनीची मोजणी, साऱ्याची आकारणी व रस्त्यांची कामे हाती घेतली. ही कामे उपयुक्त होती, हे मान्य केले पाहिजे. परंतु राजा बदलावा की नाही, हे येथील एकाही शेतकऱ्यास कोणी विचारले नव्हते. ज्या फौजेसाठी हा प्रांत गहाण पडला तीही त्याने मागितलेली नव्हती. त्याच्याकडे होते ते केवळ सारा भरणे.

तह झाल्यावर थोड्याच दिवसांत सालारजंग हे अवघ्या २४ व्या वर्षी हैदराबादचे दिवाण झाले. त्यांनी मक्त्याची पद्धत हळूहळू मोडीत काढली, १८६५ मध्ये जिल्हाबंदी केली, आणि वसुलीवर पगारी अधिकारी नेमले. १८५७ च्या उठावात हैदराबाद दरबार इंग्रजांच्या बाजूने राहिला. त्यानंतर १८६० च्या तहाने धाराशिव व रायचूर दुआब निजामास परत मिळाले आणि सुमारे ५० लक्षांचे कर्ज माफ झाले. वऱ्हाड मात्र परत मिळाले नाही. इतकेच नव्हे, तर वऱ्हाडच्या जमाखर्चाचा हिशेब मागण्याचा हक्कही निजामाने याच तहात सोडला. पुढे १९०२ मध्ये, लॉर्ड कर्झनच्या वेळी, वऱ्हाड वार्षिक २५ लक्ष रुपयांवर कायमच्या पट्ट्याने देण्यात आले. मराठवाडा व वऱ्हाड पुन्हा एका राज्याखाली आले ते १ नोव्हेंबर १९५६ रोजी, द्वैभाषिक मुंबई राज्य झाले तेव्हा. कर्जापायी झालेली ताटातूट शंभर वर्षांहून अधिक काळ टिकली!

आता आपले चार प्रश्न या हकीकतीस लावून पाहा. कर्जाचे कारण असलेली फौज रेसिडेंटाच्या हुकमाने राहिली. पैसा खर्च झाला तो, जिच्यापासून रयतेस काही उत्पन्न नाही अशा गोष्टीवर. फेडीचा भार पडला शेतकऱ्यावर. आणि हिशेब रयतेपुढे कधीच मांडला गेला नाही. चारही उत्तरे वाईट. म्हणून परिणामही वाईट झाला. कर्जाचा आकडा हे त्याचे एकटे कारण नव्हे.

ही गोष्ट अमेरिकेच्या उदाहरणावरून अधिक स्पष्ट होते. इंग्लंडविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धात त्या देशाच्या मध्यवर्ती सरकारास व निरनिराळ्या संस्थानांस मोठे कर्ज झाले होते. १७९० मध्ये अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन याने सुचविले की, संस्थानांचे युद्धकर्जही मध्यवर्ती सरकारने आपल्या अंगावर घ्यावे आणि जकातीच्या ठराविक उत्पन्नातून नियमाने व्याज द्यावे. त्यायोगे नव्या राष्ट्राची पत वाढेल. जेम्स मॅडिसन याने विरोध केला. ज्या संस्थानांनी, उदाहरणार्थ व्हर्जिनियाने, आपले बरेचसे देणे फेडले होते, त्यांनी इतरांचे ओझे का वाहावे, असा त्याचा सवाल होता. वाद कडाक्याचा झाला. शेवटी राजधानी दक्षिणेकडे, पोटोमॅक नदीच्या काठी, न्यावी असे ठरून तडजोड झाली. एकूण कर्ज सुमारे साडेसात कोटी डॉलर होते. निजामाच्या कर्जाहून ते कितीतरी अधिक. तरीही त्यापायी त्या देशाचा एकही प्रांत गहाण पडला नाही. जानेवारी १८३५ मध्ये तर राष्ट्रीय कर्ज पूर्णपणे फिटले. तेथे कर्जाचा हेतू, कर व फेड ही तिन्ही लोकांच्या प्रतिनिधींपुढे उघडपणे चर्चिली गेली होती.

तथापि, उघड चर्चेने सर्व संकटे टळतात, असे मात्र कोणी समजू नये. त्याच अमेरिकेचे राष्ट्रीय कर्ज २०२४ च्या अखेरीस ३६ लक्ष कोटी डॉलरांवर गेले होते, आणि २०२४ च्या आर्थिक वर्षात व्याजाचा खर्च संरक्षणाच्या खर्चाहूनही थोडा अधिक झाला. कर वाढवावे असे म्हणणाऱ्यास मते मिळत नाहीत. खर्च कमी करावा असे म्हणणाऱ्यासही मिळत नाहीत. मग राहिलेली रक्कम कर्जाच्या खाती जाते. ती फेडावयाची आहे आज शाळेत असलेल्या, किंबहुना अद्याप जन्मास न आलेल्या मुलांना, आणि त्यांचे मत कोणी विचारीत नाही. लोकशाहीतही तिसरा प्रश्न, कोण फेडणार, हा असा अवघडच राहतो.

कर व खर्च यांचा वाद कसा करावा, याचा उत्तम धडा आपल्याच एका पुरुषाने घालून दिला आहे. ता. २६ मार्च १९०२ रोजी नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी कलकत्ता येथे वरिष्ठ कायदेमंडळात अंदाजपत्रकावर आपले पहिले भाषण केले. त्या साली सरकारी तिजोरीत शिल्लक उरली होती आणि अधिकारीवर्ग तिचा गौरव करीत होता. गोखल्यांनी उलट दाखवून दिले की, दुष्काळाने लोक गांजलेले असताना तिजोरीत शिल्लक पडणे हे भरभराटीचे लक्षण नव्हे; गरजेपेक्षा अधिक कर घेतला जात आहे, एवढेच त्यावरून सिद्ध होते. मिठावरील कर त्या वेळी मणास अडीच रुपये होता. मीठ तर गरिबातल्या गरिबासही लागते. पुढील वर्षी, १९०३ मध्ये, तो कर दोन रुपयांवर आला, आणि प्राप्तीवरील कराची माफी ५०० रुपयांवरून १,००० रुपयांच्या उत्पन्नापर्यंत वाढविण्यात आली. गोखल्यांच्या हाती सत्ता नव्हती. सरकारचेच छापील आकडे त्यांनी सरकारपुढे ठेविले. आकडे प्रसिद्ध होत होते, म्हणूनच हे शक्य झाले.

यावरून खर्च मात्रच वाईट, असा समज कोणी करून घेऊ नये. आपल्या येडशीचा लोहमार्गच पाहा. बार्शी लाइट रेल्वे ही १८९७ मध्ये बार्शीपर्यंत सुरू झाली आणि १९११ मध्ये येडशीवरून लातूरपर्यंत पोहोचली. हे सरकारी कर्ज नव्हते, कंपनीचे भांडवल होते. पण न्याय एकच आहे. पैसा अशा वस्तूत घातला गेला की, तिने मालाची वाहतूक करून स्वतःचे भाडे मिळविले व व्यापार वाढविला. १९५४ मध्ये हा मार्ग सरकारने विकत घेतला, आणि पुढे तो रुंदही करण्यात आला. विहिरीसाठी काढलेले कर्ज व बारशासाठी काढलेले कर्ज यांत जे अंतर आहे, ते आपल्या पालकांस सांगावयास नकोच.

करही तसाच. १९७२ च्या भयंकर दुष्काळानंतर महाराष्ट्राने रोजगार हमी योजनेचा पाया पक्का केला. श्री. वि. स. पागे यांनी या योजनेचा पुरस्कार केला होता. तिच्या खर्चासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर बसविला गेला. नोकरदार, वकील, व्यापारी यांनी तो द्यावयाचा, आणि सरकारने तितकीच रक्कम आपल्याकडून घालावयाची. १९७७ चा कायदा १९७९ पासून अमलात आला व गावातील मजुरास काम मागण्याचा हक्क मिळाला. शहरातील पगारदाराचा पैसा अशा रीतीने कोरडवाहू गावातील बांधबंदिस्तीवर, पाझर तलावावर आणि रस्त्यावर खर्च झाला. येथे चारही प्रश्नांची उत्तरे कायद्यातच लिहिलेली आढळतात. म्हणूनच हा कर जुलूम वाटला नाही.

आज आपल्या राज्यघटनेने या प्रश्नांस जागा करून दिली आहे. कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणताही कर घेता येत नाही, असे २६५ वे कलम सांगते. दरवर्षी जमाखर्चाचे पत्रक संसदेपुढे व विधानमंडळापुढे ठेवावे लागते. त्या हिशेबाची तपासणी करण्यास नियंत्रक व महालेखापरीक्षक हा स्वतंत्र अधिकारी आहे. केंद्राच्या तुटीस लगाम बसावा म्हणून २००३ मध्ये निराळा कायदाही करण्यात आला. १८५३ साली धाराशिवच्या शेतकऱ्यास यांपैकी काहीच नव्हते. परंतु दार उघडे असून आत कोणी जातच नसेल, तर त्या दाराचा उपयोग काय? विधानमंडळ दूर असेल. ग्रामसभा तर दूर नाही. गावाच्या पाणीपट्टीचे व घरपट्टीचे पैसे कोठे गेले, हे तेथे विचारता येते.

आमची पालकांस एवढीच विनंती की, ग्रामसभेस जाताना घरच्या मुलास बरोबर न्यावे, आणि जमाखर्चाचे वाचन होईपर्यंत उठू नये. विद्यार्थ्यांनी पुढील वादविवादास उभे राहण्यापूर्वी खालील प्रश्नांची उत्तरे वहीत लिहून पाहावीत.

१. पामरच्या पेढीचे देणे भागविण्यासाठी हैदराबाद राज्याने कोणते उत्पन्न सोडले? त्याने मूळ अडचण का दूर झाली नाही?

२. हॅमिल्टन व मॅडिसन यांपैकी कोणाचे म्हणणे आपणांस न्याय्य वाटते? कारणे द्या.

३. मिठावरील कर व व्यवसाय कर यांत गरिबाच्या दृष्टीने काय फरक आहे?

४. आपल्या गावातील एखादे सार्वजनिक काम घेऊन, त्यास वरील चार प्रश्न लावा.